रॉबिन डे : पंतप्रधानांची उलटतपासणी घेणारा वकील

माहुलीकर :

मी साताऱ्याला वकिली करतो. गेले दोन महिने, रात्री दुसऱ्या दिवसाच्या फायली वाचून झाल्या की यूट्यूबवर एकाच माणसाच्या जुन्या मुलाखती बघत बसतो. सर रॉबिन डे, ब्रिटिश टीव्हीवरचा राजकीय मुलाखतकार. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, ठिपक्यांचा बो टाय आणि समोर कोणीही असो, आवाजात अजिजीचा लवलेश नाही. आपल्याकडे या क्षेत्रातला बीबीसीचा जेरेमी पॅक्समन बऱ्याच जणांना ठाऊक असतो, पण ज्याने ही वाट पहिल्यांदा पाडली त्याच्याबद्दल मराठीत मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा.

पहिल्याच मुलाखतीत वाटलं, हा गडी पत्रकारासारखा नाही, वकिलासारखा विचारतोय. शोधलं तर तसंच निघालं. जन्म १९२३, लंडन. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात नोकरी, मग ऑक्सफर्डला कायद्याचं शिक्षण, तिथल्या वादसभेचं, म्हणजे ऑक्सफर्ड युनियनचं अध्यक्षपद, आणि १९५२ साली बॅरिस्टरीची सनद. वकिली मात्र थोडाच काळ केली. १९५५च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये खासगी टीव्ही सुरू झाला आणि त्याच्या बातम्यांसाठी आयटीएन ही संस्था उभी राहिली. तिथे बातम्या सांगायला दोन नवे चेहरे घेतले. एक क्रिस्टोफर चॅटवे, लांब पल्ल्याचा नामांकित धावपटू. दुसरा हा.

त्या वेळी टीव्हीवर राजकारण कसं असायचं हे माहीत असल्याशिवाय डेचं मोल कळणार नाही. १९५१च्या निवडणुकीत अँथनी ईडन यांची टीव्हीवर 'मुलाखत' झाली. तिचे प्रश्न आणि उत्तरं आधी लिहून, तालीम करून घेतलेली होती. बातम्या देणाऱ्यांचा चेहराही बीबीसी दाखवत नव्हती, ते सुरू झालं आयटीएनमुळे. त्यात 'चौदा दिवसांचा नियम' होता : संसदेत पुढच्या पंधरवड्यात ज्या विषयावर चर्चा व्हायची आहे, त्यावर रेडिओ-टीव्हीवर चर्चा करायची नाही. देशात सगळे ज्या विषयावर बोलतायत, नेमका तोच वर्ज्य! १९५६ साली सुएझ कालव्यावरून इजिप्तशी संघर्ष पेटला तेव्हा हा नियम इतका अडचणीचा ठरला की वर्षअखेरीस तो बाजूला ठेवावा लागला.

आणि सुएझनंतर काही महिन्यांतच, १९५७ साली, डे कैरोला जाऊन इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्यासमोर बसला. ब्रिटन आणि इजिप्तचे राजनैतिक संबंध तेव्हा तुटलेले होते. ज्यांच्याशी आदल्या वर्षी आपलं सैन्य लढलं, त्या राष्ट्राध्यक्षाला घरातल्या पडद्यावर बोलताना ब्रिटिश प्रेक्षक बघत होते. डेने विचारलं, इस्रायल हे स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्र म्हणून कायम राहणार हे तुम्ही आता मान्य करता, असं समजायचं का? नासर म्हणाले, तुम्ही परस्पर निष्कर्ष काढताय. डेचं उत्तर : नाही, मी प्रश्न विचारतोय.

हे वाक्य मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. कोर्टात साक्षीदार असाच निसटायला बघतो. उत्तर द्यायच्या ऐवजी तो तुमच्या हेतूवर बोलतो. नवखा वकील तिथे चिडतो, आपला हेतू समजावून सांगायला लागतो, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. डेने एका ओळीत प्रश्न होता तिथे परत आणून ठेवला. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही.

आता १९५८चा फेब्रुवारी. हॅरल्ड मॅकमिलन पंतप्रधान. पाच-सहा आठवड्यांचा राष्ट्रकुल दौरा करून नुकतेच परतलेले, त्या दौऱ्यात ते दिल्लीलाही येऊन गेले होते. रॉचडेलच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला होता. (तिथे दुसरा आलेला लिबरल उमेदवार म्हणजे आयटीएनवर डेसोबत बातम्या देणारा लुडोविक केनेडी!) २३ फेब्रुवारीला मॅकमिलन आयटीएनच्या स्टुडिओत आले. परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉईड यांच्यावर तेव्हा चौफेर टीका चालली होती. डेने सरळ पंतप्रधानांनाच विचारलं की तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांवर होणाऱ्या या टीकेबद्दल तुम्हाला काय वाटतं. मॅकमिलन यांनी लॉईड यांची पाठराखण केली, ते उत्तम काम करतायत असं सांगितलं.

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पदावरच्या पंतप्रधानाला, त्याच्याच मंत्र्याबद्दल, लाखो लोकांसमोर असं विचारायचं? 'डेली मिरर'मधला प्रसिद्ध स्तंभलेखक कॅसँड्रा भडकला : पंतप्रधानांना नाही म्हणायची सोय नव्हती, हा खोका डोईजड होत चाललाय, असा त्याचा सूर. दुसरीकडे 'डेली एक्स्प्रेस'ने लिहिलं की पंतप्रधानाची जाहीररीत्या इतकी जोरकस उलटतपासणी याआधी झालेली नाही. उलटतपासणी हा शब्द त्यांचाच, मी चिकटवलेला नाही.

माझ्या सीनियरनी मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं : प्रश्न इतका लहान ठेव की साक्षीदाराला लपायला जागा राहू नये, आणि विचारून झालं की गप्प बस. डेच्या मुलाखती बघताना ते रोज आठवतं. आपल्याकडे २०२४पर्यंत लागू असलेला पुराव्याचा १८७२चा कायदा ज्यांनी रचला ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन इंग्लंडचेच बॅरिस्टर. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारायची मुभा आपल्याला त्यातूनच मिळाली. म्हणजे डे आणि मी एकाच तालमीतले, असं मी मनात धरून चालतो.

पुढे १९५९ला तो लिबरल पक्षातर्फे हेरफर्डमधून निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. त्याच वर्षी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात गेला आणि उरलेली कारकीर्द बहुतेक बीबीसीतच. निवडणुकीच्या रात्रींचे कार्यक्रम, रेडिओवर 'वर्ल्ड ॲट वन', १९७९पासून दहा वर्षं 'क्वेश्चन टाइम' (प्रेक्षकांनी राजकारण्यांना प्रश्न विचारायचा टीव्ही कार्यक्रम), १९८१ला 'सर'. २०००च्या ऑगस्टमध्ये निधन.

कोणी त्याला प्रत्यक्ष बघितलं असेल, तेव्हाचं काही आठवत असेल तर जरूर लिहा.

---

रेडिओवेडा :

उत्तम धागा, बुकमार्क केला. एक दुरुस्ती. बीबीसीने वृत्तनिवेदकाचा चेहरा दाखवायला आयटीएन सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी, सप्टेंबर १९५५मध्येच सुरुवात केली होती. केनेथ केंडल पहिले. अर्थात आयटीएन येतंय या धास्तीनेच, त्यामुळे 'आयटीएनमुळे' हे एका अर्थी बरोबरच आहे. खरा फरक दुसरा होता. बीबीसीचा माणूस दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचा, म्हणून तो 'न्यूजरीडर'. आयटीएनने आपल्या लोकांना 'न्यूजकास्टर' म्हटलं, कारण ते स्वतः बातमीवर काम करायचे, स्वतःच्या भाषेत सांगायचे. डेसारख्याला तिथे हातपाय पसरायला जागा मिळाली ती यामुळे.

---

थेम्सकाठी :

मी बघितलंय त्यांना.

आम्ही १९७६ला लंडनला आलो. 'क्वेश्चन टाइम' गुरुवारी रात्री लागायचा आणि आमच्या घरी तो चुकवायचा नाही असा दंडकच होता, कारण ह्यांना इथलं राजकारण त्यातूनच समजलं. त्याचं रेकॉर्डिंग गायज् हॉस्पिटलच्या आवारातल्या ग्रीनवुड थिएटरमध्ये व्हायचं. १९८४च्या हिवाळ्यात ह्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी आम्हाला दोन जागा मिळवून दिल्या. संध्याकाळी रेकॉर्ड होऊन त्याच रात्री दाखवायचे, त्यामुळे घरी पोचून स्वतःला टीव्हीवर बघता यायचं. त्याचंच मला जास्त अप्रूप होतं, खरं सांगते.

आत जाताना एका कार्डावर आपला प्रश्न लिहून द्यायचा. मी रेल्वेच्या भाड्यावर काहीतरी लिहिलं होतं, तो घेतला गेला नाही. डे माझ्या अपेक्षेपेक्षा थोराड दिसले आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता, सिगार ओढणाऱ्यांचा येतो तसा. लोकांना नावानिशी ओळखत नव्हते, म्हणून कपड्यांवरून खुणावत होते : त्या निळ्या स्वेटरवाल्या बाई, ते मागच्या रांगेतले दाढीवाले गृहस्थ. मी पैठणीच्या काठाची शाल घेतली होती आणि पूर्ण वेळ छातीत धडधडत होतं की ही खूण माझ्याकडे आली तर इंग्रजीत नीट बोलता येईल ना. आली नाही.

पण एक आठवतं ते लिहिते. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बोलायला उठल्या आणि मध्येच अडखळल्या, शब्दच सुचेना. एरवी मंत्र्यांना कात्रीत पकडणारा तो माणूस थांबला. घाई केली नाही, वाक्य पुरं करून दिलं नाही, दुसऱ्याकडे वळला नाही. त्या बोलेपर्यंत थांबला. आणि मग मंचावरच्या राजकारण्याला सांगितलं की ह्यांना उत्तर द्या. चाळीस वर्षं झाली, त्या प्रश्नाचा विषय मी विसरले, ते थांबणं नाही विसरले.

---

माहुलीकर :

@रेडिओवेडा, बरोबर, दुरुस्ती मान्य. न्यूजकास्टरचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, धन्यवाद.

@थेम्सकाठी, ताई, तुमचा प्रतिसाद घरात वाचून दाखवला. तुम्ही सांगताय ते त्याच्या एका जुन्या लिखाणाशी तंतोतंत जुळतं. १९६१ साली डेने टीव्हीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात मुलाखतकारासाठी आचारसंहिता दिली आहे. त्यात एक कलम असं आहे की टीव्हीची सवय नसलेल्या माणसाला आपल्या अनुभवाच्या जोरावर कधीही कोंडीत पकडू नये, ओशाळवाणं करू नये. म्हणजे तुम्ही पाहिलं ते त्या रात्रीपुरतं नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं तो पाळत होता.

बाकी कलमांतली मला महत्त्वाची वाटलेली इथे देतो, भावानुवाद माझा. बलवान माणसापुढे दबून जाऊ नये. अडचणीचे विषय वगळून किंवा प्रश्न आधी ठरवून मुलाखतीचा प्रामाणिकपणा घालवू नये. प्रश्न आधी पाठवू नयेत, मात्र कोणत्या विषयांवर विचारणार ते सांगायला हरकत नाही. आपली मालक मंडळी सत्ताधाऱ्यांना खूश करायला मुलाखत मवाळ करा म्हणत असतील, तर ऐकू नये. ठामपणे, चिकाटीने विचारावं, पण कंटाळा येईल असं नाही, अपमान होईल असं नाही, आणि आपण किती कडक आहोत हे दाखवायला तर मुळीच नाही. शेवटचं कलम : मुलाखतकार हा वादपटू नाही, सरकारी वकील नाही, 'इन्क्विझिटर' म्हणजे धर्मचौकशीतला कठोर चौकशी अधिकारी नाही, मनोविकारतज्ज्ञ नाही, पोलिसी खाक्याने जबाब घेणाराही नाही. तो प्रेक्षकाच्या वतीने माहिती मागणारा पत्रकार आहे.

'प्रेक्षकाच्या वतीने' हे दोन शब्द मी डायरीत लिहून ठेवलेत. वकीलपत्र घेतो म्हणजे आम्ही तेच करतो, दुसऱ्याच्या वतीने उभे राहतो. मॅकमिलनला विचारलेला प्रश्न डेचा स्वतःचा नव्हता. तो त्या आठवड्यात देशभर विचारला जात होता. त्याने तो ज्याला विचारायचा त्याच्यासमोर नेऊन ठेवला.

---

शेवंती७१ :

लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडते.

मी मराठी वाहिनीत अकरा वर्षं डेस्कवर काढली. (कुठली ते महत्त्वाचं नाही.) रोज रात्री नऊच्या चर्चेसाठी पाहुणे जमवायचे, आणि निवेदकाने कोणाला किती वेळा तोडलं यावर दुसऱ्या दिवशी शाबासकी मिळायची. मला प्रामाणिकपणे वाटतं की या सगळ्याचं मूळ डेच्याच परंपरेत आहे. मुलाखत घेणारा मुलाखत देणाऱ्याइतकाच मोठा झाला, तिथून हे सुरू झालं. त्याच्या नंतरच्या आत्मचरित्राचं नावच 'ग्रँड इन्क्विझिटर' आहे. १९६१ला स्वतःच लिहिलं की असं होऊ नये, आणि १९८९ला तीच पदवी मिरवली?

आणि जॉन नॉट प्रकरण तुम्ही लिहिलंच नाहीत. १९८२, ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध नुकतंच संपलेलं, नॉट ब्रिटनचे संरक्षणमंत्री. पुढची निवडणूक लढवणार नाही असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. नौदलाच्या कपातीवर विचारताना डे म्हणाला की तुमच्यासारख्या आज आहे, उद्या नाही अशा राजकारण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा. नॉट म्हणाले, मला या मुलाखतीचा वीट आलाय, मायक्रोफोन काढला आणि उठून गेले. आज जगभर ती क्लिप बघतात. नौदलाच्या कपातीचं काय झालं, ते कोणाला आठवतंय?

---

माहुलीकर :

@शेवंती७१, तुमच्या अकरा वर्षांपुढे मी काय बोलणार, पण दोन गोष्टी सांगतो.

नॉट यांची क्लिप मी मुद्दामच पहिल्या पोस्टमध्ये घेतली नाही, कारण डेचं नाव निघालं की सगळे तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. पण ती पूर्ण बघा. प्रश्न फक्त टोमणा नव्हता. जो मंत्री काही महिन्यांत जाणार आहे, तो वर्षानुवर्षं टिकायचं धोरण ठरवतोय, आणि नौदलातले वरिष्ठ अधिकारी वेगळं सांगतायत, तर लोकांनी कोणाचं ऐकायचं? हा प्रश्न मी न्यायाधीश असतो तर हरकत फेटाळून मंजूर केला असता. शब्द लागेल असा होता हे खरं. आणि नॉट उठल्यावर डे काय करतो ते बघा. मागून ओरडत नाही, कॅमेऱ्याकडे बघून शेरा मारत नाही. 'थँक यू, मिस्टर नॉट' एवढंच म्हणतो. नॉट यांनीही पुढे २००२ला आपल्या आत्मचरित्राला तेच शब्द नाव म्हणून दिले, 'हिअर टुडे, गॉन टुमॉरो'.

'इन्क्विझिटर'बद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटलं. स्वतःच्या कलमाशी तो तिथे विसंगत वागला. मला त्याचा बचाव करता येत नाही, करतही नाही.

---

भूगोलमास्तर :

माझा या विषयाशी संबंध भूगोलामुळे.

डेबद्दल बोलताना १९८३ची डायना गूल्ड विसरू नका. हा डेचा कार्यक्रम नव्हता, बीबीसीचाच 'नेशनवाइड', निवेदिका सू लॉली. निवडणुकीच्या तोंडावर लोकांनी थेट थॅचरबाईंना प्रश्न विचारायचे होते. डायना गूल्ड सायरेन्सेस्टरच्या, भूगोल शिकवलेल्या बाई. त्यांनी विचारलं, अर्जेंटिनाची 'जनरल बेल्ग्रानो' ही युद्धनौका फॉकलंडपासून दूर चालली होती, मग ती बुडवली का? थॅचर म्हणाल्या, ती दूर जात नव्हती. गूल्डबाईंनी नौकेची दिशा आणि ठिकाण सांगितलं आणि पुन्हा तेच विचारलं. पुन्हा. आणि पुन्हा. थॅचर यांना इतकं अडचणीत आलेलं टीव्हीवर फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. आणि हे एका शिक्षिकेने केलं, हातात फक्त नकाशाचं ज्ञान घेऊन. बरोबर की चूक यावर आजही वाद आहे, मी त्यात पडत नाही. पण चिकाटी म्हणजे काय हे मी वर्गात सांगताना त्यांचंच उदाहरण देतो.

माहुलीकर म्हणतात ते 'प्रेक्षकाच्या वतीने' मला मान्य आहे. तिथे प्रेक्षक स्वतःच उभा राहिला, एवढाच फरक.

---

थेम्सकाठी :

@भूगोलमास्तर, ते आम्ही त्या रात्री पाहिलं होतं! दुसऱ्या दिवशी बसमध्येही हाच विषय होता.

---

निळाशार :

कोणी पॅक्समनचं काढलं नाही म्हणून मी काढतो. १३ मे १९९७, 'न्यूजनाइट', माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड. तुरुंगखात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का, हा एकच प्रश्न त्याने लागोपाठ बारा वेळा विचारला. पुढे पॅक्समननेच सांगितलं की पुढची चित्रफीत तयार नव्हती, वेळ काढायचा होता. मला तरी त्यापेक्षा डेचा एकदाच विचारलेला प्रश्न जास्त जड वाटतो. बारा वेळा विचारलं की आपण उत्तर ऐकणं सोडून आकडे मोजायला लागतो.

भारतात या पठडीतलं जवळचं नाव करण थापर. ते १९८०च्या दशकात लंडन वीकेंड टेलिव्हिजनमध्ये होते. तिथल्याच 'वीकेंड वर्ल्ड'मध्ये ब्रायन वॉल्डन एका राजकारण्याला लांबलचक वेळ घेऊन सलग विचारायचे. डेपेक्षा वेगळी शाळा, खासदारकी सोडून आलेला माणूस, पण घराणं एकच. २००७ साली नरेंद्र मोदी, तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री, थापर यांची मुलाखत तीनेक मिनिटांत थांबवून उठले, तेव्हा मला पहिल्यांदा नॉट यांची क्लिप कोणीतरी पाठवली होती.

---

रेडिओवेडा :

एक बाजू राहिली. डे नुसता स्टुडिओत बसून प्रश्न विचारणारा नव्हता. संसदेचं कामकाज टीव्हीवर दिसावं म्हणून तो पंचवीसेक वर्षं भांडला. १९६३ला संसदीय लोकशाहीसाठी काम करणाऱ्या हॅन्सार्ड सोसायटीसाठी त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. १९६६ला कॉमन्समध्ये या प्रयोगावर मतदान झालं आणि ठराव १३०विरुद्ध १३१, एका मताने पडला! १९७८पासून रेडिओवर कामकाज ऐकू यायला लागलं, पण कॅमेरा आत जायला २१ नोव्हेंबर १९८९ उजाडला. त्याच वर्षी उन्हाळ्यात डेने 'क्वेश्चन टाइम' सोडला होता.

गंमत वाटावी असा योग : आपल्याकडे संसदेच्या संयुक्त बैठकीपुढचं राष्ट्रपतींचं अभिभाषण दूरदर्शनने पहिल्यांदा थेट दाखवलं ते त्यानंतर महिन्याभरातच, २० डिसेंबर १९८९ला. आम्ही पंढरपुरात शेजाऱ्यांकडे बघितलं होतं, आजोबा पूर्ण वेळ ताठ बसून.

डेचा युक्तिवाद मला फार पटतो. त्याचं म्हणणं असं की लोकांच्या नावाने जिथे वाद चालतो, तिथे लोकांना बघायला मनाई असेल, तर राजकारणाचा मुख्य आखाडा आपोआप माझ्यासारख्याच्या स्टुडिओत येतो, आणि हे बरोबर नाही. ज्याचा धंदा स्टुडिओवर चालला, तो माणूस हे म्हणत होता.

---

शेवंती७१ :

@रेडिओवेडा, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मघाच्या मताला यामुळे मुरड घालावी लागेल. स्वतःला मोठं करणारा माणूस आपला आखाडा दुसऱ्याला द्या म्हणून पंचवीस वर्षं भांडत नाही.

माहुलीकर, एक विचारते. माझी मुलगी यंदा पत्रकारितेला गेलीय. तिला एकच मुलाखत दाखवायची तर कुठली दाखवू? नॉटची तिने आधीच पाहिलीय, सगळ्यांनी पाहिलीय.

---

माहुलीकर :

मॅकमिलन, १९५८. आवाज जुना आहे, खरखरतो, चित्र काळंपांढरं. पण तिला सांगा, मॅकमिलनकडे बघू नकोस, डेकडे बघ. परराष्ट्रमंत्र्याबद्दलचा प्रश्न विचारून झाल्यावर तो त्यात एक शब्दही जास्तीचा घालत नाही. मग नासरची दाखवा. मी माझ्या दोन ज्युनियरना मागच्या शनिवारी चेंबरमध्ये दोन्ही दाखवल्या. त्यातली एक सोमवारी मोजणीच्या दाव्यात तलाठ्याची उलटतपासणी घेत होती. तलाठी म्हणाला, मॅडम, तुम्ही वेगळाच अर्थ काढताय. ती म्हणाली, अर्थ काढत नाही, सातबाऱ्यावरची ही नोंद कोणी केली ते विचारतेय. आणि गप्प उभी राहिली.